पनामा कालव्याची क्रूझ : नाशिकहून आखणी कशी करावी

क्रूझच्या जाहिराती जहाज विकतात. पोहण्याचे तलाव, नाट्यगृह, दहा प्रकारची जेवणं. पनामाच्या सफरीत मात्र तुम्ही पैसे मोजता ते कालव्याच्या एका दिवसासाठी. पंधरा दिवसांच्या सफरीत तो एकदाच येतो, अंधार असतानाच सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत संपतो. तारीख, जहाज, खोली, व्हिसा, लस हे सगळं त्या दिवसाकडे बघून ठरवलं तर सफर नीट होते. नुसतं 'पनामा कॅनॉल क्रूझ' हे नाव वाचून पैसे भरले तर कधी कधी कालवा बसच्या खिडकीतून बघावा लागतो. ते कसं, ते पुढे येईलच.

नाशिकमधून या सफरीची चौकशी करणारे मुख्यतः दोन प्रकारचे. एक, मुलं अमेरिकेत असलेले आईवडील, ज्यांचा अमेरिकेचा व्हिसा आधीच झालेला असतो. दुसरे, पाटबंधारे खात्यातून किंवा मेरीतून (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) निवृत्त झालेले, ज्यांना दरवाजे, विसर्ग आणि पाणीपातळी यांत मनापासून रस असतो. दोघांची आखणी वेगळी होते.

आधी कालवा समजून घ्या

बरेच जण पनामाला सुएझसारखाच समजतात, म्हणजे दोन समुद्रांमधला खणलेला सरळ चर. सुएझ तसाच आहे. तो १८६९ साली खुला झाला, साधारण १९३ किलोमीटर लांब आहे आणि दोन्ही टोकांना पाण्याच्या पातळीत फारसा फरक नसल्याने त्यात एकही लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून जहाज वर-खाली करणारा दरवाज्यांचा कप्पा, नाही. ज्या फर्दिनांद द लेसेप्सने सुएझ खणला, त्यानेच १८८१ मध्ये पनामातही समुद्रपातळीचा चर खणायला घेतला. डोंगर कोसळत राहिले, पीतज्वर (यलो फीवर) आणि हिवतापाने माणसं मरत राहिली. १८८९ मध्ये कंपनी बुडाली तोवर वीस हजारांच्या वर मृत्यू झाले होते, असा अंदाज आहे.

अमेरिकनांनी १९०४ मध्ये काम हाती घेतलं तेव्हा विचारच बदलला. डोंगर समुद्रापर्यंत खाली आणण्याऐवजी जहाजच वर चढवायचं. चाग्रेस नदीवर गाटून इथे धरण बांधलं, त्यामागे प्रचंड जलाशय तयार झाला. त्याची पातळी समुद्रापासून सुमारे २६ मीटर वर. अटलांटिक बाजूने येणारं जहाज गाटून लॉकच्या तीन पायऱ्या चढून जलाशयात जातं, तो ओलांडतं, कुलेब्राच्या खिंडीतून पुढे सरकतं, मग पेद्रो मिगेलला एक आणि मिराफ्लोरेसला दोन पायऱ्या उतरून पॅसिफिकला पोहोचतं. एकूण अंतर सुमारे ८० किलोमीटर, वेळ आठ ते दहा तास. १५ ऑगस्ट १९१४ रोजी कालवा अधिकृतपणे खुला झाला. ३१ डिसेंबर १९९९ च्या दुपारी तो पनामाच्या ताब्यात आला.

लॉकमध्ये पाणी भरायला पंप नाहीत. जलाशयातलं पाणी मोठ्या नळांतून उताराने वाहत कप्प्यात येतं, जहाज उचलतं आणि शेवटी समुद्रात जातं. हे पाणी गोडं आहे, पावसाचं आहे, आणि त्याच जलाशयातून पनामा सिटीच्या परिसराला पिण्याचं पाणीही मिळतं. जुन्या लॉकमधून एक जहाज पार व्हायला ढोबळमानाने २० कोटी लिटर पाणी लागतं, आपल्या वर्तमानपत्रांच्या भाषेत सात दलघफू (दशलक्ष घनफूट). दिवसाला ३६ जहाजं धरली तर चार दिवसांत एक टीएमसी, म्हणजे हजार दलघफू. गंगापूर धरण याच कामाला लावलं तर काठोकाठ भरलेलं असूनही ते तीन आठवड्यांत कोरडं पडेल. पिण्याला किती, शेतीला किती, जायकवाडीला किती, यावर दरवर्षी भांडणाऱ्या जिल्ह्याला गाटूनचं गणित समजावून सांगावं लागत नाही. २०२३ मध्ये पाऊस ओढला तेव्हा कालवा प्राधिकरणाने रोजच्या जहाजांची संख्या कमी करत आणली आणि २०२४ च्या सुरुवातीला ती २४ वर होती. म्हणून कोरड्या वर्षाच्या बातम्या असतील तर आरक्षणाआधी त्या वाचाव्यात. प्रवासी जहाजं आपला क्रमांक बरीच आधी राखून ठेवतात, पण टंचाईत कोणाचंही वेळापत्रक हलू शकतं, आणि करारात कंपनीला मार्ग बदलण्याची मुभा असते.

सफरीचा प्रकार ठरवा

पूर्ण पार करणारी सफर एका महासागरात सुरू होऊन दुसऱ्यात संपते. फ्लोरिडातल्या मायामी किंवा फोर्ट लॉडरडेलहून निघायचं आणि लॉस एंजेलिस किंवा सॅन डिएगोला उतरायचं, किंवा उलट. दोन आठवड्यांच्या आसपास लागतात. वाटेत बहुधा कोलंबियातलं कार्ताहेना किंवा अरूबा लागतं, आणि त्यामागे निसर्गसौंदर्याइतकाच अमेरिकन कायदा आहे: परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून चढलेला प्रवासी दुसऱ्या अमेरिकी बंदरात उतरवायचा असेल तर मध्ये दूरच्या परदेशी बंदराला लागावं लागतं. याच कायद्यामुळे असं परदेशी बंदर लागण्याआधी मधल्या एखाद्या अमेरिकी बंदरात 'आम्ही इथेच उतरतो' म्हणता येत नाही.

अर्ध्या सफरीत जहाज फ्लोरिडाहून निघतं, गाटूनच्या तीन पायऱ्या चढतं, जलाशयात काही तास थांबतं आणि त्याच लॉकमधून परत उतरतं. दहा-अकरा दिवसांत तुम्ही निघालात त्याच बंदरात परत. मुलांकडे राहायला गेलेल्या आईवडिलांना ही सोयीची, कारण विमानाचं परतीचं तिकीट एकाच शहराचं काढता येतं. पण कुलेब्राची खिंड आणि मिराफ्लोरेस यात नाही, आणि माझ्या मते कालव्याचा अर्धा जीव त्या खिंडीत आहे.

तिसरा प्रकार जाहिरातीत फसवा असतो. नाव 'पनामा कॅनॉल', पण जहाज कोलोन बंदराला लागतं, तिथून बस तुम्हाला आग्वा क्लारा इथल्या प्रेक्षागृहात नेते आणि दुसऱ्याच जहाजाची चढउतार दाखवून परत आणते. म्हणून माहितीपत्रकातला दिवसवार तक्ता वाचा. कालव्याच्या दिवशी तिथे बंदराचं नाव आणि थांबण्याची वेळ दिली असेल तर शंका घ्या. एजंटला एकच प्रश्न विचारा: आपलं जहाज लॉकमधून जाणार का, आणि कुठल्या? उत्तर ईमेलवर मागा.

आणि एक प्रकार ज्याबद्दल आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. क्रूझ घ्यायलाच हवी असं नाही. पनामा सिटीत स्थानिक कंपन्या ठराविक दिवशी छोट्या प्रवासी बोटी कालव्यातून नेतात. गाम्बोआ ते पॅसिफिक हा अर्धा टप्पा चार-पाच तासांचा, त्यात कुलेब्रा, पेद्रो मिगेल आणि मिराफ्लोरेस येतात. पूर्ण पार करणारी फेरी महिन्यातून मोजक्याच वेळा असते. छोटी बोट मालवाहू जहाजाबरोबर त्याच कप्प्यात उभी राहते, त्यामुळे भिंतींची उंची आणि दरवाज्यांचा आकार अंगावर येतो. मोठ्या क्रूझवर बाराव्या डेकवरून तेच दृश्य नकाशासारखं खाली दिसतं. पाटबंधारेवाल्या मंडळींना मी हाच मार्ग सांगेन: विमानाने पनामा सिटी, चार रात्री, एक दिवस बोट, एक दिवस मिराफ्लोरेसचं प्रेक्षागृह, उरलेल्या वेळात कास्को विएखो हे जुनं शहर. खर्चही कमी.

जुनं लॉक की नवं

जुन्या लॉकचे कप्पे सुमारे ३०५ मीटर लांब आणि ३३.५ मीटर रुंद. त्यात मावणारं सगळ्यात रुंद जहाज ३२.३ मीटरचं, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-दोन फूट जागा उरते. या जहाजांना दोन्ही काठांवरून रुळांवर चालणारी विजेची इंजिनं तारांनी ताणून मधोमध धरतात. स्थानिक त्यांना 'मुलास', म्हणजे खेचरं म्हणतात. पहिली दोरी जहाजापर्यंत आणायला मात्र आजही दोन माणसं वल्ह्याच्या होडीतून येतात. मोठमोठी यंत्रं भोवती असताना ती होडी येताना बघणं चुकवू नका.

२६ जून २०१६ रोजी बाजूलाच नवी लॉक सुरू झाली, अटलांटिककडे आग्वा क्लारा आणि पॅसिफिककडे कोकोली. कप्पे ४२७ मीटर लांब, ५५ मीटर रुंद. शेजारी पाणी साठवायच्या टाक्या आहेत, त्यामुळे प्रत्येक खेपेतलं सुमारे ६० टक्के पाणी पुन्हा वापरता येतं. इथे खेचरं नाहीत, टगबोटी जहाज सांभाळतात. दरवाजे बाजूला सरकतात, जुन्यासारखे दोन फळ्यांचे उघडत नाहीत.

तांत्रिकदृष्ट्या नवं लॉक सरस. बघायला जुनं. नव्या महाकाय जहाजावर सुखसोयी जास्त असतील, पण त्याची रुंदी ३२.३ मीटरच्या वर असेल तर ते नव्या लॉकमधूनच जाणार. जहाजाची रुंदी इंटरनेटवर मिनिटभरात सापडते. आपल्याला काय बघायचंय ते आधी ठरवा.

महिना

क्रूझचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मेच्या सुरुवातीपर्यंत. पनामातला कोरडा काळ डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत असतो. बाकीच्या महिन्यांत दुपारच्या सरी ठरलेल्या, पण त्या सरींनंतर जंगल इतकं हिरवं दिसतं की मी पावसाला फार घाबरणार नाही. डिसेंबर ते मार्चमध्ये कॅरिबियन समुद्रात वारा जोरात असतो. ज्यांना जहाज लागतं त्यांनी हे लक्षात घ्यावं.

भाडं कमी पडतं ते हंगामाच्या दोन टोकांना. उन्हाळ्यात अलास्काला धावणारी जहाजं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कॅरिबियनकडे येतात आणि एप्रिल-मेमध्ये परत जातात. त्यांना कालवा ओलांडायचाच असतो, रिकामं जाण्यापेक्षा स्वस्तात प्रवासी घेतात. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्ष बागायतदारांना जानेवारी ते मार्च घर सोडता येत नाही, ऑक्टोबरची गोडी छाटणी तर सोडूनच द्या. एप्रिलची खरड छाटणी उरकून मेच्या सुरुवातीचं उत्तरेकडे जाणारं जहाज पकडणं त्यांना जमू शकतं. त्यासाठी आरक्षण आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमाराला व्हायला हवं.

खोली

बाल्कनीची खोली घ्यावी का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. कालव्यासाठी म्हणून घेऊ नका. जुन्या लॉकमध्ये खालच्या डेकच्या खिडकीतून बराच वेळ ओली काँक्रीटची भिंत दिसते. खरं दृश्य पुढच्या टोकावरून आणि वरच्या डेकवरून दिसतं, तिथे सगळ्यांना सारखाच प्रवेश. बरीच जहाजं त्या दिवशी नाकाकडचा एरवी बंद असलेला डेकही उघडतात. आतली बिनखिडकीची खोली घेऊन वाचलेल्या पैशांत विमानाचं बरं तिकीट काढणं मला शहाणपणाचं वाटतं.

अपवाद वयस्कर मंडळींचा. पनामात तापमान तिशीच्या थोडं वर असतं, पण दमटपणा असा की नाशिकच्या कोरड्या हवेची सवय असलेल्या माणसाला तासाभरात थकवा येतो. सत्तरीच्या पुढे असाल, गुडघे कुरकुरत असतील, तर सावली, खुर्ची आणि जवळ स्वच्छतागृह असलेली बाल्कनी त्या आठ तासांत खूप कामाची. मग बाजू निवडा. कालवा पूर्व-पश्चिम जातो असं नकाशा न बघता वाटतं, पण प्रत्यक्षात अटलांटिकहून पॅसिफिककडे जाणारं जहाज आग्नेयेला जातं. म्हणून त्या दिशेच्या सफरीत डावी बाजू घ्या: दुपारचं ऊन कमी, मिराफ्लोरेसचं प्रेक्षागृह त्याच बाजूला आणि शेवटी पनामा सिटीच्या उंच इमारतीही तिकडेच. उलट दिशेने जात असाल तर उजवी.

जहाज लागण्याची भीती असेल तर खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली खोली.

कागदपत्रं

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून सुरुवात इथूनच करा.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालणारा हवा. अमेरिकेहून निघणाऱ्या सफरीला अमेरिकेचा बी१/बी२ व्हिसा लागतो आणि तो अनेक प्रवेशांचा असावा, कारण जहाजाने परत येताना तुम्ही अमेरिकेत पुन्हा प्रवेश करता. डीएस-१६० अर्ज भरायचा, १८५ डॉलर शुल्क, मग मुंबईत दोन दिवसांचं काम: एक दिवस बोटांचे ठसे, दुसऱ्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. मुलाखतीची तारीख मिळायला कित्येक महिने लागू शकतात. सकाळची वेळ असेल तर पंचवटी एक्स्प्रेसने त्याच दिवशी जाण्याच्या भानगडीत पडू नका, आदल्या रात्री मुंबईत राहा. आत मोबाइल नेऊ देत नाहीत. बरोबर कोणी तरी असू द्या किंवा फोन मुक्कामाच्या ठिकाणीच ठेवा. मुलाखतीत 'कालवा बघायला चाललोय' हे सरळ सांगावं, सफरीचा आराखडा हाताशी ठेवावा. पैसे परत न मिळणारं आरक्षण मात्र व्हिसा हातात आल्याशिवाय करू नये.

अमेरिकेचा चालू व्हिसा असला की वाटेतले बरेच दरवाजे उघडतात. मेक्सिको भारतीयांना त्यावर प्रवेश देतो. पनामाही वेगळा व्हिसा मागत नाही, पण त्यांची अट अशी की तो व्हिसा अनेक प्रवेशांचा असावा आणि एकदा तरी वापरलेला असावा. म्हणजे नवा कोरा व्हिसा घेऊन थेट पनामा सिटीला उतरणाऱ्यांनी सावध राहावं. हे नियम बदलतात, त्यामुळे तिकीट काढण्याच्या आठवड्यात प्रत्येक देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर पुन्हा तपासा. क्रूझ कंपनी हे काम तुमच्या वतीने करत नाही. कागद अपुरे निघाले तर बंदरावरूनच परत पाठवतात आणि भाडंही जातं.

आता लस, जिच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. भारताच्या पीतज्वराच्या यादीत पनामाही आहे आणि कोलंबियाही. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं प्रमाणपत्र नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा अधिकार विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्यांना आहे. भारतात पीतज्वर नाही, पण तो पसरवणारा एडिस डास भरपूर आहे, म्हणून ही कडक शिस्त. याच डासाने फ्रेंचांचा कालवा बुडवला आणि अमेरिकनांच्या वेळी डॉक्टर विल्यम गॉर्गस यांनी साचलेलं पाणी उपसून, तेल टाकून, घरं धुरवून आधी डास आटोक्यात आणले, म्हणून पुढचं खणणं शक्य झालं.

ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते, मुंबईत अशी केंद्रं आहेत, यादी आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते. आधी वेळ घ्यावी लागते, पासपोर्ट बरोबर न्यावा लागतो. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. पिवळी पुस्तिका पासपोर्टलाच जोडून ठेवा. वाटेतले काही देशही कोलंबियाहून येणाऱ्यांकडे ती मागतात. साठीच्या पुढच्यांना, अंड्याची ॲलर्जी असलेल्यांना आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेल्यांना ही लस सरसकट देत नाहीत. अशांनी आपल्या डॉक्टरांशी महिनोन् महिने आधी बोलावं. लस शक्य नसेल तर दिशा बदलून मार्ग निघतो का ते पाहा: फ्लोरिडाहून निघालेलं जहाज कालवा ओलांडून कॅलिफोर्नियाला पोहोचेपर्यंत बहुधा आठवडा उलटतो, शिवाय काही दिवस मुलांकडे राहिलात तर सहा दिवसांची मर्यादा सहज मागे पडते. तारखांचा हा हिशोब लसीकरण केंद्रावरच्या डॉक्टरांसमोर मांडून पक्का करा.

प्रवास विमा क्रूझसाठी चालतो का आणि समुद्रातून रुग्णाला किनाऱ्यावर आणण्याचा खर्च त्यात आहे का, एवढं बघा. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल अमेरिकन दराने येतं. रोजची औषधं पुरून उरतील इतकी हातातल्या बॅगेत, रासायनिक नावं लिहिलेल्या चिठ्ठीसह.

पैसे

जाहिरातीतलं भाडं माणशी असतं, पण एका खोलीत दोघं धरून. एकट्याने जायचं तर जवळजवळ दुप्पट. त्यावर बंदरांचे कर, आणि रोजची टिप, जी माणशी १५ ते २० डॉलर आपोआप खात्यावर पडते. १८ डॉलर धरले तर पंधरा रात्रींचे दोघांचे ५४० डॉलर होतात. इंटरनेट, दारू, किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या. भारतातल्या एजंटकडून पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच वसूल होणारा कर, लागतो. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, पण तेवढी रक्कम आधी हाताशी हवी. दर अर्थसंकल्पागणिक बदलत आलेत, त्यामुळे चार्टर्ड अकाउंटंटला विचारूनच ठरवा. पनामात बाल्बोआ हे नाणं आहे खरं, पण त्याची किंमत डॉलरइतकीच आणि नोटा अमेरिकन डॉलरच्याच चालतात. सुटे एक आणि पाच डॉलर जवळ ठेवा.

एक गंमत. १९२८ मध्ये रिचर्ड हॅलिबर्टन हा अमेरिकन प्रवासी कालवा पोहून पार झाला आणि त्याला त्याच्या वजनाच्या हिशोबाने ३६ सेंट टोल लागला. तुमच्या जहाजाचा लाखो डॉलरचा टोल तिकिटातच असतो.

नाशिक ते जहाज

मुंबईहून पनामाला थेट विमान नाही. इस्तंबूल, ॲमस्टरडॅम किंवा अमेरिकेतल्या एखाद्या शहरातून बदलावं लागतं. युरोपातून जाताना ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्याआधी बघा. नाशिकहून विमानतळाकडे निघताना समृद्धीने इगतपुरी ते आमणे हा टप्पा आता सोपा झालाय, पण आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी होती तिथेच आहे. पावसाळ्यात आणखी दोन तास हाताशी ठेवा. जहाज सुटण्याच्या किमान एक दिवस आधी त्या शहरात पोहोचा, शक्य असेल तर दोन. फ्लोरिडाशी असलेल्या साडेनऊ-साडेदहा तासांच्या वेळेच्या फरकाने (कॅलिफोर्नियाशी तो आणखी जास्त) शरीर भांबावलेलं असतं, आणि बॅगा चुकल्या तर शोधायला वेळ मिळतो. जहाज कोणासाठी थांबत नाही.

जेवणाचं आरक्षणाच्या वेळीच लिहून कळवा. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं की उकडलेल्या भाज्या आणि पास्ता येतो; 'इंडियन व्हेजिटेरियन' किंवा 'जैन' असं स्पष्ट लिहा. जहाजावर बहुधा गोव्याची, कोकणातली मुलं काम करताना भेटतात. पहिल्याच संध्याकाळी ओळख काढली तर पुढे वरण-भाताची सोय होण्याची शक्यता बरीच वाढते. चिवडा, थेपले, चटणी पॅकबंद न्या आणि अमेरिकेत उतरताना जाहीर करा. फळं नेऊ नका, आपली द्राक्षंसुद्धा.

कालव्याचा दिवस

आदल्या रात्री लवकर झोपा. अटलांटिकहून जाणारं जहाज पहाटे लिमोन उपसागराच्या भिंतीतून आत येतं आणि कालव्याचा पायलट चढतो. इतर बंदरांत पायलट कप्तानाला सल्ला देतो, इथे जहाज हाकण्याचा पूर्ण ताबा त्याच्याकडे जातो. साडेपाचपर्यंत वरच्या डेकवर पुढे जागा धरा. न्याहारी खोलीत आदल्या दिवशीच मागवून ठेवा, कारण सात वाजता उपाहारगृहात गेलात तर पहिला कप्पा हुकेल.

गाटूनला दीड-दोन तास लागतात. पहिल्या कप्प्यात नाकाकडून बघा: दरवाजे, होडी, खेचरं, मागे समुद्र. दुसऱ्या कप्प्याच्या वेळी मागच्या टोकाला जा, कारण मागचे दरवाजे बंद होऊन खाली राहिलेला समुद्र तिथूनच दिसतो. तिसऱ्याच्या वेळी खालच्या मजल्यावरच्या बाहेरच्या डेकवर उभं राहून भिंत खाली सरकताना पाहा. कप्पा भरायला आठ-दहा मिनिटंच लागतात आणि जहाज उचललं जातंय हे पायांना अजिबात जाणवत नाही. उजवीकडे गाटून धरण आणि त्याचा सांडवा दिसतो, डावीकडे नव्या लॉकमधली कंटेनरची जहाजं.

जलाशयात दुपारपर्यंत घाई नसते. ही विश्रांतीची वेळ. पाण्यातून वर आलेली बेटं म्हणजे बुडालेल्या डोंगरांचे माथे. त्यातलंच बारो कोलोरादो हे स्मिथसोनियनच्या शास्त्रज्ञांचं अभ्यासकेंद्र. जेवा, पाणी प्या, टोपी आणि डासांचं मलम बाहेर काढा.

जेवणानंतर पुन्हा वर या, कारण कुलेब्रा सुरू होतो. १३ किलोमीटरच्या आसपासची ही खिंड खंडाच्या पाणलोटाची कड फोडून काढलीय. बार्बाडोस आणि इतर कॅरिबियन बेटांवरून आलेल्या हजारो मजुरांनी ती खणली. आज उपसलेली दरड उद्या पुन्हा खाली येई, रूळ आणि यंत्रं गाडली जात. दोन्ही काठांवर कापलेल्या पायऱ्या दिसतात, त्या दरडी थोपवण्यासाठीच. डावीकडे गोल्ड हिल येते. जहाज इथे हळू जातं. फोटो काढण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा.

पेद्रो मिगेल आणि मिराफ्लोरेसला उतरताना क्रम उलटा: कप्पा भरलेला असतो, पाणी जातं आणि भिंती वर येतात. पॅसिफिकला भरती-ओहोटीत सहा मीटरपर्यंत फरक पडतो, अटलांटिकला अर्धा मीटरही नाही. त्यामुळे सगळ्यात उंच दरवाजे मिराफ्लोरेसच्या शेवटी आहेत. मग १९६२ सालचा ब्रिज ऑफ द अमेरिकाज डोक्यावरून जातो आणि समुद्र लागतो.

कालवा प्राधिकरणाचे कॅमेरे हे सगळं संकेतस्थळावर थेट दाखवतात. निघण्याआधी घरी बसून एक-दोन संध्याकाळी ते बघा, लॉकचा क्रम डोक्यात बसतो. पनामाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, त्यामुळे सकाळी सातला तुम्ही गाटूनला असाल तेव्हा नाशिकला संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. घरच्यांना जहाजाचं नाव आणि लॉकच्या अंदाजे वेळा आदल्या दिवशीच पाठवून ठेवा. मिराफ्लोरेसला मात्र त्यांना रात्री दीडच्या सुमारास जागावं लागेल.